स्पॅगेटी वेस्टर्न बघितलात? मग कट्ट्यावर मत असं द्या

सिनेमावर मत द्यायला पुण्यात कुणाला शिकवावं लागत नाही, न बघितलेल्यावरपण देतात. पण स्पॅगेटी वेस्टर्नचं, म्हणजे इटालियन लोकांनी काढलेल्या काउबॉय सिनेमांचं, जरा वेगळं आहे, इथे दोन माणसं एकाच सिनेमावरून तासभर भांडतात, चहा गार होतो, आणि मग कळतं की दोघांनी बघितलेला सिनेमाच वेगळा होता. हे इतक्यांदा होतं की शेवटी म्हटलं लिहूनच टाकू.

तर "भारी होता" किंवा "पकवलं राव" म्हणायच्या आधी तीन गोष्टी सांगा. लांबी किती होती, भाषा कुठली होती आणि वर नाव काय होतं. चिकटपणा वाटेल पण 'द गुड, द बॅड अँड द अग्ली' घ्या ना. १९६६ ला इटलीत आला तेव्हा जवळपास तीन तासांचा, अमेरिकेत गेला तो कापून १६१ मिनिटांचा, आणि मग २००३ ला कापलेले सीन परत जोडून इंग्रजीत काढला. आता त्या सीनना इंग्रजी आवाजच नव्हते, म्हणून क्लिंट ईस्टवूड आणि इलाय वॉलक यांनी इतक्या वर्षांनी बसून आपलेच डायलॉग डब केले, आणि ली व्हॅन क्लीफ तोवर वारला होता म्हणून त्याच्या तोंडी दुसऱ्याचा आवाज आहे. वॉलक तेव्हा ऐंशीच्या पुढे. त्यामुळे टुको, म्हणजे वॉलकचं पात्र, मधेच म्हाताऱ्यासारखा बोलतो असं तुम्हाला वाटलं असेल तर तुमचे कान एकदम बरोबर आहेत, फक्त समोरच्याने १६१ मिनिटंवाला बघितला असेल तर तो तुम्हाला वेड्यात काढणार.

नावांचा घोळ तर विचारूच नका. 'द गुड, द बॅड'वाल्या दिग्दर्शक लिओनीचा १९७१ चा सिनेमा 'डक, यू सकर' नावानेपण सापडतो आणि 'अ फिस्टफुल ऑफ डायनामाइट' नावानेपण, दोन वेगळे समजून डाउनलोड करू नका. जँगोचं त्याहून वाईट. कॉर्बुची या दुसऱ्या दिग्दर्शकाचा १९६६ चा 'जँगो' असा काही चालला की नंतर डिस्ट्रिब्युटर लोकांनी दिसेल त्या सिनेमाच्या नावात जँगो घुसवला, कित्येकांत जँगो नावाचं काळं कुत्रंसुद्धा नाही. म्हणून नुसतं "जँगो बघितला" म्हणू नका, फ्रँको नेरो चिखलातून शवपेटी ओढत येतो तोच ना, ते आधी क्लिअर करा.

डबिंगवर हसायचं असेल तर हसा, पण ओठ का जुळत नाहीत ते माहीत असू दे. सेटवरचा आवाज वापरायचाच नाही असा तिकडे रिवाज होता, इटालियन नट इटालियनमध्ये, अमेरिकन इंग्रजीत, स्पॅनिश स्पॅनिशमध्ये असा एकाच सीनमध्ये सगळ्यांचा आपापला कारभार आणि नंतर स्टुडिओत सगळं डब. त्यामुळे ग्रुपमध्ये एक जण असतो ना, "मी फक्त ओरिजिनल भाषेतच बघतो" म्हणणारा, त्याला विचारा कुठली ओरिजिनल. माझं मत विचाराल तर ईस्टवूडचे इंग्रजीत बघा आणि कॉर्बुचीचे इटालियनमध्ये सबटायटल लावून, त्याची इंग्रजी डबिंग फार कोरडी वाटतात.

तसंच प्रिंट दाणेदार दिसली म्हणून लगेच शिव्या घालू नका. यातले बरेच सिनेमे टेक्निस्कोपवर शूट झालेत, त्यात एका फ्रेमला नेहमीच्या निम्मी फिल्म लागायची, म्हणजे रुंद पडदापण मिळतो आणि पैसेपण वाचतात, पण निगेटिव्ह छोटी म्हणून मोठ्या पडद्यावर दाणे दिसतात.

आता खरं मत. "म्युझिक भारी, क्लोजअप भारी" हे सगळ्यांना माहितीये, त्यासाठी कुणी फर्ग्युसन रोडला पार्किंग शोधत येत नाही. एक सीन धरा आणि त्याच्यावरच बोला. 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'ची (१९६८) सुरुवात घ्या, तीन गुंड स्टेशनवर गाडीची वाट बघतायत, दहाएक मिनिटं म्युझिक नाही, फक्त पवनचक्कीची कुरकुर, एकाच्या टोपीवर टपटप पडणारं पाणी, दुसऱ्याच्या तोंडावर बसणारी माशी जी तो शेवटी पिस्तुलाच्या नळीत पकडतो. तुम्हाला हे स्लो वाटलं तर खुशाल म्हणा स्लो, पण हेडफोन लावून बघितलंत का जेवता जेवता मोबाईलच्या स्पीकरवर, तेपण सांगा, कारण या सीनमध्ये जे काय आहे ते आवाजातच आहे. आणि म्युझिकवर बोलायचंच असेल तर संगीतकार मॉरिकोनीच्या पुढे जा. ती शिट्टी अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनीची, तो अंगावर काटा आणणारा बाईचा आवाज एड्डा डेलोर्सोचा. 'वन्स अपॉन'चं संगीत तर शूटिंगच्या आधीच करून सेटवर वाजवलं होतं, माणसं त्या तालात चालतात ती उगाच नाही.

'शोले' निघणारच, कितीही टाळा. निघू दे, पण "ढापलाय" म्हणून गप्प बसू नका. एक तर खुद्द लिओनीचा 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' (१९६४) जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिंबो'वरून (१९६१) उचललेला, जपानी कंपनीने दावा लावला आणि शेवटी जगभरच्या कमाईतले १५ टक्के देऊन तडजोड झाली, म्हणजे या धंद्यात धुतल्या तांदळाचं कुणीच नाही. मजा आहे ती 'शोले' आणि 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट' शेजारी शेजारी ठेवून बघण्यात. दोन्हीकडे घरात असलेलं अख्खं कुटुंब मारलं जातं, दोन्हीकडे लहान मुलगा शेवटी मरतो, आणि दोन्हीकडे कुणीतरी गाडीने घरी येतं आणि प्रेतं मांडून ठेवलेली बघतं. पण तिकडे येते ती नवी नवरी, तिला या घरातलं काहीच धड माहीत नाही, आणि इकडे येतो तो घरातला कर्ता माणूस, एकेक चादर वाऱ्याने उडते आणि त्याला प्रत्येक चेहरा ओळखीचा. तिकडे पवनचक्की कुरकुरते तर इकडे झोपाळा. आता यावर भांडा की, रात्र पुरणार नाही.

शेवट सांगण्याबद्दल एकच कडक नियम, 'द ग्रेट सायलेन्स'चा (१९६८, तोपण कॉर्बुचीचाच) शेवट कुणीही, कितीही मोह झाला तरी, सांगायचा नाही. बर्फात घडणारा सिनेमा, हिरो मुका, समोर क्लाऊस किन्स्की, एवढं बास. याचा दुसरा, गोड शेवटही शूट करून ठेवलेला आहे, तो खरा बघून झाल्यावरच बघा, आधी बघितलात तर चव गेली.

नावडलेलंही बोला, सगळं डोक्यावर घ्यायचं नसतं. बायकांना या सिनेमांत फार कमी काम आणि जे आहे ते बऱ्याचदा बघवत नाही, इटालियन नटांना रंग फासून मेक्सिकन केलंय, आणि शूटिंग स्पेनमधल्या अल्मेरियाच्या त्याच वाळवंटात असल्यामुळे दहावा सिनेमा बघेपर्यंत टेकाडंसुद्धा तोंडपाठ होतात. पण हे सगळं बोलताना फक्त लिओनीवर बोलू नका. सर्जिओ तीन आहेत, लिओनी, कॉर्बुची आणि सोलिमा, आणि तिसऱ्याचं नाव कुणी घेतच नाही. त्याचा 'द बिग गनडाउन' बघा, ली व्हॅन क्लीफ आणि टोमास मिलियन, लांबवालाच बघा, अमेरिकेत चांगलाच कापला होता.

जागेचं म्हणाल तर इराणी हॉटेलात चार जणांच्या वर जमू नका, गर्दीत कुणी तासभर बसू देत नाही. लॉ कॉलेज रोडच्या फिल्म अर्काइव्हमध्ये कधी जुनं काही लागलं तर सोडू नका, ते अर्काइव्हपण १९६४ चंच, 'फिस्टफुल'च्या वर्षातलं. बाकी कुणाच्या तरी घरीच बरं, फक्त रात्री दहानंतर आवाज कमी, सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज पडायला वेळ लागत नाही.

पुढचा सिनेमा कुठला ते ज्याने सगळ्यात जास्त शिव्या घातल्या त्याने ठरवायचं, म्हणजे त्याला पुढच्या वेळी यावंच लागतं. घरात आजोबा-आजी, लहान पोरं असतील तर मात्र मतदान नको, सरळ 'दे कॉल मी ट्रिनिटी' (१९७०) लावा. टेरेन्स हिल कढईतली उसळ ज्या पद्धतीने साफ करतो ते बघून पोरं हसून लोळतात, आणि तो दांडगा बड स्पेन्सर खरोखर ऑलिंपिकला पोहलेला माणूस, १०० मीटर फ्रीस्टाइल मिनिटाच्या आत पोहणारा पहिला इटालियन, हे आजोबांना सांगा, पुढचा अर्धा तास तेच बोलतील.