हृदयाच्या गोळ्या आणि खचलेलं मन: घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बाबतीत या चुका टाळा

"ताई, मागच्या गोळ्या अजून शिल्लक आहेत, या महिन्यात निम्म्याच द्या."

सांगलीतल्या माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हे वाक्य आठवड्यातून दोन-तीनदा तरी कानावर पडतं. सांगायला सून किंवा मुलगा आलेला असतो, गोळ्या सासऱ्यांच्या किंवा आईच्या असतात, आणि चार पैसे वाचल्याचं समाधान आवाजात असतं. मला मात्र धडकी भरते. तीस दिवसांच्या गोळ्या तीस दिवसांत संपायला हव्यात. बारा उरल्या असतील, तर बारा दिवस त्या हृदयाला औषधच मिळालेलं नाही. का उरल्या म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "वय झालंय, विसरतात."

"विसरतात" म्हणून सोडून देणं

सव्वीस वर्षं मी हे उत्तर ऐकतेय. आत्ता-आत्तापर्यंत मीही त्यावर विश्वास ठेवला, हे मान्य करायला हवं.

कृष्णाकाठच्या एका गावातले आण्णा, साखर कारखान्यातून निवृत्त झालेले. ॲटॅक येऊन गेल्यावर हृदयाचं पंपिंग कमी झालेलं, रोजच्या पाच गोळ्या. काकी होत्या तोवर एकही गोळी चुकली नाही. रात्री जेवण झालं की त्या आण्णांच्या तळहातावर गोळ्या ठेवायच्या आणि पाण्याचा तांब्या पुढं करायच्या. काकी गेल्या आणि तीन महिन्यांत गोळ्या उरायला लागल्या. मी काउंटरवरूनच त्यांना रागवले. "आण्णा, कारखान्याचा हिशोब तोंडपाठ होता तुम्हाला, पाच गोळ्या कशा विसरता?" ते नुसते मान हलवायचे. मी सात वारांची खणाची डबी दिली. पुण्याच्या मुलानं मोबाईलवर गजर लावून दिला. सून रोज रात्री डबी उघडून बघायची, खण रिकामा असायचा. आम्ही सगळे खूश.

दोन महिन्यांनी आण्णांच्या पायांना सूज आली. रात्री आडवं पडलं की दम लागायचा, उशीला टेकून बसून रात्र काढायचे. मिरजेत ॲडमिट केलं. तिथं कपडे बदलताना कनवटीची चंची खाली पडली आणि सुपारी-कातासोबत चाळीसच्या वर गोळ्या बाहेर आल्या. सुनेला वाईट वाटू नये म्हणून आण्णा रोज डबीतून गोळ्या काढायचे आणि चंचीत टाकायचे.

तिथल्या डॉक्टरांनी त्यांना दोनच प्रश्न विचारले. गेल्या पंधरा दिवसांत कशातच रस वाटेनासा झालाय का? उदास, निराश वाटत राहतं का? आण्णा बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "ती गेल्यापासनं तोंडाला चव न्हाई, सायेब. गोळी खाऊन आता जगायचं कुणासाठी?"

पूर्वी औषधं घेताना हाच माणूस उसाचा दर, कुस्तीचं मैदान, नदीचं पाणी असं अर्धा तास बोलत उभा राहायचा. पाच महिने तो माझ्यासमोर मुका होत गेला आणि मी गोळ्याच मोजत बसले. हे मला आजही लागतं.

ॲटॅक येऊन गेलेल्या साधारण पाचातल्या एकाला उपचार लागावेत इतकं नैराश्य येतं. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये हृदयाच्या 940 रुग्णांचा अभ्यास झाला, 2005 साली तो छापून आला. नैराश्य असलेल्यांपैकी 14 टक्के लोकांनी गोळ्या सांगितल्याप्रमाणे घेत नसल्याचं कबूल केलं. नैराश्य नसलेल्यांत हेच प्रमाण 5 टक्के होतं. हे लोकांनी स्वतःच्या तोंडानं सांगितलेले आकडे आहेत, चंचीतल्या गोळ्या त्यात कुणी धरलेल्या नाहीत. अमेरिकन हार्ट असोसिएशननं 2014 मध्ये ॲटॅकनंतरचं नैराश्य हा धोक्याचा घटक मानावा असं सांगितलं, म्हणजे बीपी-शुगरकडं बघतो तसं त्याच्याकडं बघायचं.

आपल्याकडची म्हातारी माणसं "मी उदास आहे" असं कधी म्हणत नाहीत. ती म्हणतात, अंगात त्राण नाही, पहाटे तीनला झोप उडते, जेवण नको वाटतं. हरिपाठाला जाणं बंद होतं, बाजाराची पिशवी खुंटीवरच राहते. हृदय थकल्यावरही यातली बरीच लक्षणं दिसतात, त्यामुळं घरच्या घरी निदान करू नका. डॉक्टरांना मात्र यातली एकेक गोष्ट सांगा, कारण पाच मिनिटांच्या तपासणीत पेशंट स्वतःहून ती सांगणार नाही.

माझी आता एक सवय झाली आहे. "गोळी घेतली का?" असं मी विचारतच नाही. "काल पारावर कोण कोण होतं?" असं विचारते. तीन आठवडे माणूस पारावर गेला नसेल, तर घरच्यांना बाजूला घेऊन बोलते. आणि सांगते की रात्री गोळी देताना दहा मिनिटं शेजारी बसा, ती तोंडात जाऊ द्या, वर पाणी पिऊ द्या, चार शब्द बोला. पुण्या-मुंबईहून गजर लावून देणं ही मला पळवाट वाटते. गजर वाजतो आणि म्हातारा माणूस बोटानं तो बंद करतो, एवढंच होतं. गजराऐवजी त्या वेळेला फोन करा.

"माझं आता काय राहिलंय", "सुटलो तर बरं" असं कुणी बोलायला लागलं, तर ते वयाचं बोलणं म्हणून कानाआड टाकू नका. टेली-मानस ही मनाच्या त्रासासाठीची सरकारची मोफत सेवा 14416 वर आहे, तिथं मराठीत बोलता येतं. त्याच दिवशी फोन करा, डॉक्टरांकडं न्या, आणि तोवर माणसाला एकटं ठेवू नका.

मनाच्या गोळीला आठ दिवसांत नावं ठेवणं

चिठ्ठीवर नैराश्याची गोळी दिसली की घरचे कुजबुजतात, "डोक्याची गोळी आहे का हो? सवय लागंल." मग आठ दिवसांनी परत येतात, "काही फरक नाही, उलट मळमळतंय, बंद केली." इतकी घाई मला समजत नाही. लावणीनंतर नऊ महिने हळदीची वाट बघणारी माणसं आपण. या गोळीचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, कधी सहा. मळमळ, पोट बिघडणं हे बहुतेक वेळा सुरुवातीचंच असतं आणि कमी होत जातं. सवय लागण्याचं म्हणाल, तर दारू-तंबाखूसारखी तलफ या गोळ्यांची लागत नाही. पण एकदम तोडल्या तर चक्कर येते, बेचैनी होते, म्हणून डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात.

"हृदयाला चालेल का?" हा प्रश्न मात्र रास्त आहे. सर्ट्रालिन नावाची नैराश्याची गोळी ॲटॅकच्याच रुग्णांना देऊन तपासली गेली आणि ती हृदयाला सुरक्षित असल्याचं 2002 मध्ये समोर आलं. तरी तीन गोष्टींवर डोळा ठेवायचा. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करायच्या गोळ्यांसोबत अशा गोळ्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. शौचाला काळी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, तर लगेच सांगा. अंगातलं पाणी लघवीवाटे काढणारी गोळीही (पाण्याची गोळी) चालू असेल तर म्हाताऱ्यांच्या रक्तातलं सोडियम उतरू शकतं. माणूस अचानक गोंधळल्यासारखा बोलायला लागला, तोल जायला लागला, तर रक्त तपासा. आणि शेजाऱ्यांकडची, झोपेसाठी किंवा नसांसाठी दिलेली ॲमिट्रिप्टिलिन ही नैराश्यावरची जुन्या पिढीची गोळी ॲटॅक येऊन गेलेल्या माणसानं मनानं घेऊ नये.

चिठ्ठीशिवाय झोपेची गोळी मागायला येणारे तर रोजचेच. मी देत नाही. काही नवी पोरं काउंटरवर गर्दी झाली की देऊन मोकळी होतात. फार्मसीची पदवी भिंतीवर टांगून असं करणं मला पटत नाही. झोप का उडाली, हे त्या पुडीखाली कायमचं दडपलं जातं.

बाकीच्या चुका, थोडक्यात

एकादशी आहे, श्रावणी सोमवार आहे म्हणून गोळी चुकवू नका. गोळीनं उपवास मोडत नाही.

दात काढायचाय म्हणून रक्त पातळ करायची गोळी स्वतः बंद करू नका. स्टेंट, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिनीतली जाळी, बसवलेली असेल तर आत गुठळी होऊन ॲटॅक येऊ शकतो. हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही नाही.

ठोके आणि बीपी आवरणारी मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम तोडली तर ठोके आणि बीपी उसळतात.

रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी सोडली, हे दर महिन्याला ऐकते. तो गोळीमुळंच नॉर्मल आलाय.

लग्नाला एसटीनं जायचंय, वाटेत लघवीला कुठं जाणार, म्हणून पाण्याची गोळी गाळतात. अडचण खरी आहे, बायकांची तर फारच. वेळ पुढं-मागं करता येते का ते डॉक्टरांना विचारा.

तासगावकडचे एक मामा ऐन हंगामात गोळी बंद करून बसले होते. द्राक्षं आणि कोलेस्टेरॉलची गोळी एकत्र चालत नाही, असं मोबाईलवर आलं होतं. ते फळ ग्रेपफ्रूट, आपल्या पपनसाच्या जातीतलं. द्राक्षाचा त्याच्याशी संबंध नाही. शुगर असेल तर द्राक्षं जपून खा, बाकी गोळी चालू ठेवा.

आणि कंपनी बदलली की पाकिटाचा रंग बदलतो. म्हातारी माणसं जुनी आणि नवी अशा दोन्ही गोळ्या घेतात, औषध मात्र एकच असतं. मी लाल पेनानं पाकिटावर "बीपी", "रक्त पातळ" असं मराठीत लिहून देते आणि जुनी पाकिटं परत आणायला लावते.

आण्णा परवा आले होते. "पोरी, आता बरं वाटतंय, ही मनाची बंद केली तर?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारून या. डॉक्टरांनी सांगितलं, बरं वाटायला लागल्यापासून निदान सहा महिने तरी चालू ठेवायची, मग बघू. ते परत आले, पूर्ण तीस मागितल्या आणि पिशवीतली रिकामी पाकिटं माझ्यासमोर ठेवली. मी ती मोजली नाहीत. पारावरचं विचारलं.

"पारावर कुठलं, काल हरिपूरला गेलतो संगमावर," ते म्हणाले. "आम्ही चौघं."