तळावरचा शिअर स्ट्रेस: तीन अंदाजांतून एक आकडा

फ्ल्यूममधली (प्रयोगशाळेतला पाण्याचा कृत्रिम कालवा) वाळू कधी हलू लागेल हे तळावरच्या शिअर स्ट्रेसवर, म्हणजे वाहतं पाणी तळाला समांतर ओढतं त्या ताणावर, ठरतं. तो थेट मोजणं अवघड, म्हणून एडीव्हीने (ध्वनिलहरींनी पाण्याचा वेग मोजणारं यंत्र) वेग मोजून घर्षणवेग (ताण = घनता × घर्षणवेगाचा वर्ग) तीन वाटांनी काढतात: खालच्या 20 टक्के खोलीतल्या लॉग प्रोफाइलवरून, म्हणजे उंचीच्या लॉगरिदमप्रमाणे वाढणाऱ्या वेगावरून (त्यातला कार्मन स्थिरांक 0.41), रेनॉल्ड्स स्ट्रेसची, म्हणजे आडव्या-उभ्या वेगांच्या एकत्रित चढउतारांतून येणाऱ्या ताणाची, सरळ रेषा तळापर्यंत वाढवून, आणि टर्ब्युलंट गतिज ऊर्जेवरून, म्हणजे वेगाच्या चढउतारांतल्या ऊर्जेवरून (ताण = 0.19 × घनता × ऊर्जा). तिन्ही आकडे जुळत नाहीत. त्यांची साधी सरासरी काढू नका.

आधी 70 टक्क्यांपेक्षा कमी कोरिलेशनचे (यंत्र देतं तो सिग्नलच्या दर्जाचा आकडा) नमुने टाकून द्या आणि गोरिंग-निकोरा (2002) पद्धतीने स्पाइक, म्हणजे अचानक उसळलेले खोटे आकडे, काढून टाका. मग नॉईज. डॉप्लर नॉईज, म्हणजे यंत्राच्या मोजणीतलीच यादृच्छिक चूक, व्हेरियन्समध्ये (चढउतारांच्या वर्गाची सरासरी) भर घालतो, वेगाच्या आडव्या घटकांत उभ्यापेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे ऊर्जेचा अंदाज नेहमी फुगलेला येतो. प्रत्येक घटकाचा स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेला किती व्हेरियन्स याचा आलेख, काढा. टर्ब्युलन्सच्या उणे 5/3 उताराच्या शेवटी रेषा सपाट झाली, की त्या सपाट पातळीला नायक्विस्ट वारंवारतेने, म्हणजे नमुने घेण्याच्या वारंवारतेच्या निम्म्याने, गुणा (25 हर्ट्झला 12.5) आणि तेवढा व्हेरियन्स वजा करा. रेनॉल्ड्स स्ट्रेस यातून बराचसा वाचतो, पण प्रोब तिरका असेल तर तो बिघडतो: 1 अंशाला ताणात साधारण 5 टक्के चूक.

सगळ्यात जास्त घोळ अनिश्चितता काढताना होतो. 25 हर्ट्झने 5 मिनिटांत 7500 नमुने मिळतात, पण शेजारचे नमुने एकमेकांशी बांधलेले असतात. इंटिग्रल काळ (प्रवाहाला आधीच्या वेगाची 'आठवण' राहते तो काळ) 0.4 सेकंद असेल, तर स्वतंत्र नमुने 300 सेकंद भागिले त्याची दुप्पट, 0.8, म्हणजे 375 च. 7500 धरले तर चूक साडेचार पटींनी कमी दिसते आणि पुढची सगळी वजनं खोटी ठरतात.

वजन म्हणजे 1 भागिले अनिश्चिततेचा वर्ग. समजा घर्षणवेग अनुक्रमे 2.1±0.2, 2.3±0.2 आणि 2.6±0.4 सेंमी/से आले. वजनं 25, 25, 6.25, भारित सरासरी 2.24, अनिश्चितता 0.13. पाण्यासाठी ताण 0.50±0.06 पास्कल.

हा आकडा वापरण्याआधी काय-वर्ग (अंदाज आपसांत कितपत जुळतात याची कसोटी) तपासा: प्रत्येक अंदाजाचा सरासरीपासूनचा फरक त्याच्या अनिश्चिततेने भागून वर्ग करा, बेरीज घ्या. इथे ती 1.4 येते. 6 च्या वर गेली, तर अंदाज एकत्र करू नका. तळाची शून्य पातळी आणि प्रोबचा कल पुन्हा पाहा. दुसरा आणि तिसरा अंदाज एकाच नोंदीतून आलेले असल्याने खरी अनिश्चितता 0.13 पेक्षा मोठीच असते. कोव्हेरियन्स, म्हणजे दोन अंदाजांच्या चुका किती एकत्र हलतात हे, काढता येत नसेल, तर अहवालात घर्षणवेगाची अनिश्चितता 0.2 सेंमी/से लिहा.