लेव्हल सबमिट करताय? आधी टायमिंग पास करून घ्या, या चुका टाळा

ओसू या तालावर नोटा मारायच्या गेममध्ये स्वतः बनवलेला बीटमॅप (गाण्यावर नोटा मांडून केलेली लेव्हल, थोडक्यात मॅप) रँक होण्याचा, म्हणजे गेमच्या अधिकृत यादीत येण्याचा, रस्ता ठरलेला आहे. मॅप अपलोड करायचा, लोकांकडून मॉडिंग (तपासून चुका सांगणं) करून घ्यायचं. दोन नॉमिनेटरांना (मॅप पुढे पाठवायचा अधिकार असलेल्या तपासणाऱ्यांना) तो पटला की क्वालिफाइड. तिथे किमान सात दिवस तो सगळ्यांच्या नजरेखाली राहतो, मग रँक्ड. त्या सात दिवसांत मोठी चूक सापडली तर मॅप परत खाली येतो. पेंडिंगमध्ये, म्हणजे मंजुरीची वाट बघत असताना, २८ दिवस काहीच बदल केला नाही तर थेट ग्रेव्हयार्ड, म्हणजे सोडून दिलेल्या मॅपांचा ढीग.

हे तपासणारे लोक पगारी नाहीत. तेही खेळाडूच आहेत आणि स्वतःचा वेळ काढून दुसऱ्याचा मॅप ऐकतात. तरी सबमिट होणाऱ्या मॅपांमध्ये त्याच त्या चुका असतात, आणि त्यातल्या बहुतेक पहिल्या अर्ध्या मिनिटात सापडतात. म्हणजे चार डिफिकल्टी (त्याच गाण्याच्या सोप्या ते अवघड आवृत्त्या) बनवून झाल्यावर जे कळतं, ते पहिली नोट ठेवायच्या आधीच कळलं असतं. सोलापुरात चार-पाच जण मिळून मॅप बनवणाऱ्या पोरांनी तर सबमिट करायची पद्धतच बदलावी. ती कशी, ते पुढे येईलच. आधी सगळ्यात जास्त मॅप कशाने मरतात ते बघू.

माणसाने वाजवलेल्या तालाला एकच बीपीएम लावणे

कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाण्याचा बीपीएम (मिनिटाला किती बीट) बहुतेक वेळा शेवटपर्यंत एकच असतो. हलगी, लेझीम, ढोल-ताशा, जुन्या लावणीचं रेकॉर्डिंग यांचा नसतो. वाजवणारा रंगात आला की लय चढते, दमला की उतरते. ही वाजवणाऱ्याची चूक नव्हे, वाद्याचा जीवच त्यात आहे. टायमिंगने त्याच्या मागे जायचं असतं.

एका मुलाने गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मिरवणुकीतली हलगी फोनवर रेकॉर्ड केली. रेकॉर्डिंग झकास होतं, मधूनच ‘हर्र बोला हर्र’चा गजरही येत होता. त्याने सुरुवातीला टॅप करून बीपीएम काढला १२२, एक लाल रेघ (इथून पुढे बीपीएम अमुक, अशी टायमिंगची खूण) टाकली आणि तीन डिफिकल्टी पूर्ण करून मॅप सबमिट केला. पहिल्याच मॉडरने लिहिलं, ‘नोटा आधी लवकर येतात, मग उशिरा.’ त्याला वाटलं, मॉडरचा हेडफोन बिघडलाय.

आकडे मांडले की सगळं दिसतं. पहिला ठोका १,२४० मिलिसेकंदावर. तिथून सोळा बीटनंतरचा ठोका खरा पडला ९,१४० वर. म्हणजे ७,९०० मिलिसेकंदांत १६ बीट, एक बीट ४९३.७५ मिलिसेकंदांचा. बीपीएम आला १२१.५२. पुढचे सोळा बीट संपले १६,८९२ वर, म्हणजे ७,७५२ मिलिसेकंदांत. इथे बीपीएम १२३.८४. हलगीवाला चढला होता. १२२ च्या सरळ रेघेवर मात्र सोळाव्या बीटची नोट साधारण ९,१०९ ला बसली होती, ३१ मिलिसेकंद लवकर. बत्तिसाव्या बीटची बसली १६,९७८ ला, ८६ मिलिसेकंद उशिरा. ओडी (वेळेच्या अचूकतेची सक्ती) ८ असेल तर पूर्ण ३०० गुण मिळायची खिडकी दोन्ही बाजूंना साधारण ३२ मिलिसेकंदांची आणि १०० ची ७६ ची. हलगीवर अचूक बोट मारणाऱ्याला तिथे ५० मिळणार. तो खेळाडू मॅप बंद करून दुसरीकडे जातो आणि परत येत नाही.

खरा घोळ यापुढे झाला. त्याने घाईघाईने नव्या लाल रेघा टाकल्या आणि ‘रीस्नॅप ऑल नोट्स’ दाबलं. रीस्नॅप नोट उचलून बीटच्या भागांच्या रेघांपैकी जवळच्या रेघेवर ठेवतो, बरोबर रेघेवर नाही. या लयीत पाव बीट साधारण १२१ मिलिसेकंदांचा, त्याचा अर्धा ६०. नोट ६० पेक्षा जास्त चुकलेली असेल तर ती पुढच्या रेघेवर जाऊन बसते. ८६ ने चुकलेली नोट तशीच पुढे सरकली आणि तिथून पुढच्या नोटा पाव बीट मागे पडल्या. आधी निदान चूक कमी-जास्त होत होती, आता ती पक्की झाली. एडिटरमधलं चुका शोधणारं एआयमॉडही गप्प, कारण प्रत्येक नोट कुठल्या ना कुठल्या रेघेवर होतीच. तिन्ही डिफिकल्टींचं काम वाया गेलं.

उपाय एकच, आणि तो कंटाळवाणा आहे. एफ६ दाबून टायमिंग उघडा, प्लेबॅक २५ टक्क्यांवर आणा आणि दर चार किंवा आठ बीटला मेट्रोनोमची टिकटिक हलगीच्या ठोक्यावर पडते का ते ऐका. पाच-दहा मिलिसेकंदांची घसरण ऐकू आली की तिथे नवी लाल रेघ. आधीच्या रेघेचा बीपीएम अंदाजाने हलवू नका, हिशेबाने काढा: ६०,००० गुणिले बीटची संख्या, भागिले दोन ठोक्यांमधले मिलिसेकंद. दोन मिनिटांच्या रेकॉर्डिंगला एक अख्खी संध्याकाळ जाते, आणि ती द्यावीच लागते. टायमिंग आपोआप काढून देणाऱ्या टूलवर हलगीच्या बाबतीत विसंबू नका. दोन हलग्या एकत्र वाजत असल्या की कुठला ठोका पकडायचा हे अजून कानानेच ठरवावं लागतं.

स्थिर लयीच्या गाण्यातही दशांशाला हलकं समजू नका. बीपीएम १२० असताना १२०.१ टाकला तर तीन मिनिटांनी नोटा दीडशे मिलिसेकंद पुढे गेलेल्या असतात. पाव बीट १२५ चा. सुरुवात ऐकून ‘बरोबर आहे की’ म्हणणाऱ्यांनी शेवटचा अंतरा ऐकावा.

टायमिंग झाल्यावर ऑडिओ फाइल बदलणे

ही चूक शिकलेले लोकही करतात. मॅप तयार होतो, कुणीतरी सांगतं आवाज कमी आहे. मग फाइल ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची, आवाज वाढवायचा, परत एमपीथ्री करून त्याच नावाने फोल्डरमध्ये टाकायची. ऐकायला गाणं तेच. पण एमपीथ्री बनताना आणि उघडताना सुरुवातीला थोडी शांतता घुसते. नेहमीच्या लेम एन्कोडरचे ५७६ सँपल आणि डिकोडरचे ५२९, एकूण १,१०५. सेकंदाला ४४,१०० सँपल धरले तर हे होतात २५ मिलिसेकंद. काही सॉफ्टवेअर ही शांतता कापून टाकतात, काही नाही, म्हणून प्रत्येक फेरीला ऑफसेट (पहिल्या बीटची वेळ) किती सरकेल याचा भरवसा नाही. ओडी ८ च्या ३२ च्या खिडकीतले २५ इथेच गेले.

म्हणून कापणं, फेड, आवाज हे सगळं वेव्ह फाइलवरच करा आणि एकदाच एक्सपोर्ट करा. त्यानंतर त्या फाइलला हात लावायचा नाही. लावावाच लागला तर ऑफसेट परत कानाने तपासा आणि ‘आधी ठेवलेल्या नोटाही हलवा’ हा पर्याय चालू आहे का ते प्रत्येक डिफिकल्टीत बघा. एका डिफिकल्टीत चालू, दुसरीत बंद, असे मॅप नेहमी येतात.

एमपीथ्रीचा बिटरेट १९२ केबीपीएसच्या वर चालत नाही, १२८ च्या खालीही नाही. १२८ ची फाइल १९२ ला फुगवून देणं नियमात बसत नाही आणि कानालाही लपत नाही.

ब्लूटूथ इअरफोनवर टॅप करून ऑफसेट काढणे

ब्लूटूथवर आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा कानात येतो. तुम्ही ऐकून बोट मारता, बोट तेवढंच उशिरा पडतं आणि ऑफसेट तेवढाच चुकतो. नुसतं मेट्रोनोम आणि गाणं एकत्र ऐकून जुळवत असाल तर ब्लूटूथ चालतो, कारण दोन्ही आवाज सारखेच उशिरा येतात. तरी वायरचा साधा हेडफोन टेबलावर ठेवा.

सबमिशन दोन टप्प्यांत करा

वरच्या तिन्ही चुकांचं मूळ एक आहे. सगळा मॅप एकदम पुढे येतो, म्हणून पाया चुकला हे छत झाल्यावर कळतं. गटातल्या गटात तरी नियम करा. पहिल्या टप्प्यात फक्त पक्की ऑडिओ फाइल, सगळ्या लाल रेघा आणि एका डिफिकल्टीची पहिली तीस सेकंद. एवढ्याचीच ओएसझेड फाइल (मॅपचं सगळं सामान एकत्र बांधलेली) दुसऱ्याला द्यायची. त्याने ती २५ टक्क्यांवर सुरुवात, मध्य आणि शेवट अशी तीन ठिकाणी ऐकायची आणि चुकलेल्या जागांचे मिलिसेकंद लिहून द्यायचे. ‘थोडं घसरतंय बे’ एवढ्यावर कुणाचंच काम होत नाही. त्याने होकार दिल्याशिवाय पुढची नोट ठेवायची नाही. तपासायला वीस मिनिटं लागतात. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण सेट, आणि त्यात टायमिंगचा विषय परत निघता कामा नये. ‘मला एकट्यालाच ऐकून कळतं’ म्हणणाऱ्याने एकदा दुसऱ्याच्या कानाने ऐकून बघावं. आपणच ठेवलेली नोट आपल्याला नेहमी बरोबर वाटते.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात.

दादरा सहा मात्रांचा, रूपक सात मात्रांचा. टायमिंगमध्ये तसंच ४/४ ठेवलं तर मेट्रोनोमची सम भलत्याच ठिकाणी येते, आणि तायको मोडमध्ये (ओसूचा ढोल वाजवायचा प्रकार) समेच्या उभ्या रेघा सगळ्यांना दिसतात.

रोमन लिपीतलं नाव सगळ्या डिफिकल्टींत एकसारखं हवं. एका ठिकाणी ‘हलगी’ आणि दुसरीकडे ‘हलागी’ असं चालत नाही. मराठी नाव देवनागरीत लिहायला वेगळा रकाना आहे, तो भरा.

प्रीव्ह्यू पॉइंट (यादीत मॅप निवडल्यावर गाणं जिथून वाजतं ती जागा) सगळीकडे एकच ठेवा.

नुसती इन्सेन, म्हणजे अवघड डिफिकल्टी, बनवून पाठवू नका. छोट्या गाण्याला सोप्या डिफिकल्टीपासून पूर्ण जिना लागतो, आणि नवशिक्याला हलगी आवडली तर त्यालाही खेळता यायला हवी. इझी बनवणं इन्सेनपेक्षा अवघड आहे, तिथे एक चुकीची नोट लगेच ऐकू येते.

मिरवणुकीतलं रेकॉर्डिंग वापरणार असाल तर वाजवणाऱ्यांना आधी विचारा आणि त्यांची नावं आर्टिस्टच्या रकान्यात लिहा. सिनेमाचं गाणं परवानगीशिवाय टाकलं तर मालकाच्या एका तक्रारीवर मॅप खाली जातो आणि मॉडिंग करणाऱ्या सगळ्यांचे तास त्याच्याबरोबर जातात.

अपलोड करायच्या आधी ओएसझेडची एक प्रत तारीख लिहून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि रीस्नॅप दाबायच्या आधी आणखी एक.