कोकणात ट्रक चालवताना जीपीएसच्या या चुका टाळा

हातखंब्याच्या चहाच्या टपरीवर कोकणात नवा आलेला एखादा ड्रायव्हर भेटतोच. गाडी रात्रभर कुठल्यातरी वाडीत अडकलेली, डोळे लाल, आणि तोंडी एकच वाक्य: "मॅपने दाखवलं म्हणून गेलो." बावीस वर्षं मी या लाईनवर आहे. जीपीएस मीही वापरतो, रोज वापरतो. पण त्याच त्या चुका बघून जीव तुटतो, म्हणून लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण काय चालवतोय हे मोबाईलला माहीत आहे असं धरून चालणं. नेहमीच्या मॅपमध्ये कार असते, दुचाकी असते, बस-रेल्वे असते, पायी चालणंही असतं. ट्रक नसतो. तुमची उंची, लांबी, भरलेला माल त्याच्या हिशेबात नाही. तो कारचा रस्ता दाखवतो आणि आपण दहाटायरी घेऊन त्यावर जातो.

२०१७ च्या मे महिन्यात माझ्या गाडीत टाईल्स होत्या, चिपळूणहून गुहागर तालुक्यात खाली करायच्या. रात्री एकच्या सुमारास शृंगारतळीच्या अलीकडे मॅपने डावीकडे वळवलं. नऊ किलोमीटर वाचत होते. दोनेक किलोमीटर डांबर बरं होतं, मग दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं, सुरू झाले, मग एक साकव, म्हणजे ओढ्यावरचा अरुंद पूल, आणि साकवापलीकडे फणसाच्या झाडापाशी काटकोनात वळण. केबिन वळली, मागचा भाग गडग्याला घासला, तीन चिरे खाली आले. आवाजाने घरातून एक काका बॅटरी घेऊन बाहेर आले. म्हणाले, "अवो डायवर, या वाटेनं यष्टीसुद्धा येत नाय, तुम्ही कुठं निघालाव?"

तिथे गाडी वळवायला जागाच नव्हती. दीड किलोमीटर रिव्हर्स. क्लीनर मागे टॉर्च घेऊन, आरशात नुसता काळोख, साकवावर टायर आणि कडेमध्ये वीतभर अंतर. मेन रोडला लागलो तेव्हा पहाटेचे पाच वाजले होते. मग चालत परत गेलो आणि काकांच्या गडग्याचे चिरे रचून दिले.

तेव्हापासून माझा नियम ठरला: अनोळखी फाट्यावर आधी थांबायचं आणि विचारायचं, "इथून मोठी एसटी जाते का?" जात नसेल तर मॅप काहीही म्हणो, मी जात नाही. आणि निघण्याआधी माल घेणाऱ्याला फोन करून विचारतो, "याआधी तुमच्याकडे कोणती गाडी आली होती, आणि कुठून आली?" नुसतं लोकेशन पाठवा म्हणून भागत नाही. लोकेशन घराचं मिळतं, गाडी उभी राहील त्या जागेचं नाही.

दुसरी चूक घाटाची. किनाऱ्यावरून वर जायला आंबा, अणुस्कुरा, भुईबावडा, करूळ, फोंडा, आंबोली असे कितीतरी घाट आहेत. मॅप कमी वेळाचा निवडतो, आणि तो वेळ कारचा असतो. भरलेली गाडी चढाला दुसऱ्या गिअरवर रांगते. मी दाखवलेल्या वेळात निम्मा वेळ आणखी धरतो आणि गिऱ्हाइकाला तोच सांगतो. नवीन पोरं मात्र मोबाईलवरची वेळ गाठायला बघतात, उतारावर न्यूट्रल करतात, वर डिझेल वाचतं म्हणतात. मला याचा मनापासून राग आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनचा रोध जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेकचे लायनर तापतात आणि ऐन वळणावर ब्रेक धरत नाही. ज्या गिअरने गाडी चढली असती त्याच गिअरने उतरवा. पावसाळ्यात दरडीमुळे घाट बंद होतात, वरंधा तर अवजड गाड्यांना वरचेवर बंद असतो. मॅपवर ते लगेच दिसेलच असं नाही. खालच्या गावातल्या पंपावर विचारा.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. पाली रायगडात आहे आणि रत्नागिरीजवळही आहे. नांदगाव मुरूडकडे आहे आणि कणकवलीजवळही. खेड तर पुणे जिल्ह्यातही आहे. तालुका बघितल्याशिवाय 'सुरू करा' दाबू नका. खाडीवरून आडवी रेघ दिसली तर ती फेरीबोट असू शकते. दाभोळ-धोपावे असो नाहीतर जयगड-तवसाळ, भरलेली गाडी घेतात का आणि शेवटची फेरी कधी, हे आधी विचारा. कशेडीच्या बोगद्यात उपग्रहाचा सिग्नल जातो, बाण वरच्या जुन्या घाटावर उडी मारतो, तेव्हा घाबरून ब्रेक मारू नका. नकाशा घरूनच डाऊनलोड करून ठेवा, कारण रेंज गेली तरी जीपीएस चालतं, पण खाली नकाशाच नसेल तर नुसता बाण दिसतो.

लांबचा माल असेल आणि घाट-वळणं नकोच असतील तर कोकण रेल्वेची रो-रो १९९९ पासून आहे. रायगडातल्या कोलाडला ट्रक रेल्वेवर चढवायचा, गोव्यात वेर्ण्याला उतरवायचा. उंचीची मर्यादा आणि त्या दिवशी जागा आहे का, हे कोलाडला आधी फोन करून विचारून घ्या.