रब्बी मका: पाणी आणि शेणखताच्या या चुका टाळा

कमी पाण्याच्या रानात मका फसतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या पाळीची वेळ चुकल्यामुळे. सुरुवातीला मोकाट पाणी दिलं जातं आणि तुरा (शेंड्यावरचा नर फुलोरा) निघायच्या वेळी विहीर तळाला गेलेली असते. कोवळ्या मक्याला साचलेलं पाणी सोसत नाही. काळ्या जमिनीत मुळांना हवा मिळत नाही आणि रोपं पिवळी पडतात. अशा वेळी युरियाची घाई करू नका. आधी चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा (ना चिखल, ना कोरडी अशी जमीन) येऊ द्या.

पाणी राखून ठेवायचं ते तुऱ्यासाठी. थंडीत वाढ रेंगाळते, म्हणून इथे दिवसांचा हिशेब करण्यापेक्षा पीक पाहा: तुरा दिसायच्या आठवडाभर आधीपासून कणसाचे केस तपकिरी होईपर्यंत पाण्याचा ताण अजिबात नको. ताण पडला की तुरा वेळेवर येतो, पण केस उशिरा बाहेर पडतात. तोवर पराग झडून गेलेला असतो आणि कणसात दाणे तुटक भरतात. ही तूट नंतर कितीही पाणी दिलं तरी भरून निघत नाही. बचत करायची तर त्याआधीच्या वाढीच्या काळात सरी आड सरी भिजवा आणि पुढच्या पाळीला राहिलेल्या सऱ्या घ्या.

ठिबक रोज ठरावीक तासभर चालवणं हीही चूकच. लॅटरल (ठिबकच्या नळ्या) 1.2 मीटरवर आणि ड्रिपर (त्यातली पाणी ठिबकणारी तोटी) 40 सेंमीवर असेल, तर एका ड्रिपरच्या वाट्याला 0.48 चौ.मी. जमीन येते. दिवसाची गरज 3 मिमी असेल (1 मिमी म्हणजे चौ.मीटरला 1 लिटर) तर सुमारे 1.44 लिटर, म्हणजे ताशी 2 लिटरचा ड्रिपर 43 मिनिटं पुरे. ऊन वाढून गरज 5 मिमी झाली की 72 मिनिटं लागतात.

खताकडे वळू. अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तणाचं बी रानात येतं, शिवाय त्यातला काडीकचरा कुजताना जमिनीतलं नत्र ओढून घेतो. खत काळसर, भुसभुशीत आणि वास गेलेलं हवं. एकरी 4–5 टन खत पसरून लगेच कुळवाच्या शेवटच्या पाळीत मिसळा. उन्हात ढीग पडून राहिले तर नत्र उडून जातं.

तरीही एकट्या शेणखतावर विसंबू नका. त्यात नत्र साधारण 0.5 टक्के, म्हणजे 5 टनांत 25 किलो, आणि पहिल्या हंगामात त्यातलं निम्मंही मिळत नाही. मक्याला नत्राची शिफारस मात्र एकरी सुमारे 48 किलोची आहे. आधी हिरवळीचं खत म्हणून ताग किंवा धैंचा गाडणं, जोडीला गांडूळखत आणि निंबोळी पेंड देणं, याचं नियोजन पेरणीपूर्वीच हवं. पीक पिवळं पडल्यावर टाकलेली पेंड वेळेत लागू पडत नाही.

जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ वगैरे आंबवून केलेलं द्रावण) ठिबकमधून सोडायचं असेल तर दुहेरी सुती कापडातून गाळा. न गाळता सोडलं की ड्रिपर हमखास चोंदतात. नंतर 15–20 मिनिटं साधं पाणी चालवा, फिल्टर धुवा आणि लॅटरलची टोकं उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत वाहू द्या.

कणसाचं आवरण वाळलं आणि दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला की पाणी बंद करा.