टेकडीवर एमटीबी चालवताय? मग या चुका टाळा

जूनमध्ये पहिले दोन-चार पाऊस झाले की पुण्यात वेताळ टेकडी, बाणेर-पाषाणची टेकडी, तळजई, सगळीकडे नव्या कोऱ्या एमटीबी, म्हणजे डोंगरवाटांच्या माउंटन बाइक सायकली, दिसायला लागतात. उन्हाळाभर रखरखीत पडलेली टेकडी हिरवी झाली की कोणाचाही पाय घरात ठरत नाही, हे मला मान्य आहे. पण वाटेचं सगळ्यात जास्त नुकसान नेमकं याच दिवसांत होतं, आणि ते निस्तरण्यात श्रमदानाला येणाऱ्यांचे हिवाळ्यातले रविवार जातात. दरवर्षी तेच तेच बघतोय, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकतो. नवीन मंडळींना नाउमेद करायचं नाही. टेकडीवर सायकलवाले वाढावेत असंच मला वाटतं.

ओल्या मातीत चाक घालणं

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा जून ते सप्टेंबरात. उन्हाळ्यात माती भाजून भुसभुशीत झालेली असते, गवत वाळून गेलेलं असतं. नवं गवत मूळ धरेपर्यंत त्या मातीला धरून ठेवणारं काहीच नसतं. अशात सव्वादोन इंची टायर तिच्यातून गेला की मागे चाकोरी पडते, आणि पुढच्या सरीचं पाणी त्याच चाकोरीतून पळतं. जुलै संपेपर्यंत तिथे चर झालेला असतो.

टेकडी सगळीकडे सारखी नाही. मुरमाच्या आणि कातळाच्या वाटा पाऊस थांबला की लवकर निचरतात, त्यांवरून जायला हरकत नाही. चिकण मातीचे पट्टे मात्र उघडीप मिळाली तरी दोन-दोन दिवस ओले राहतात. माझी कसोटी सोपी आहे: वर चढायला लागल्यावर पहिल्याच सपाटीला थांबायचं आणि टायर बघायचा. खाचा मातीने भरल्या असतील, पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कच्या कमानीला चिखल घासत असेल, तर मागे फिरायचं. ‘एवढं आलोय तर वरपर्यंत जाऊन येऊ’ असं म्हणणाऱ्यांशी मी आता वाद घालत नाही. मी माझी सायकल वळवतो आणि डांबरी रस्त्याने चढाचा सराव करतो.

डबकं लागलं तर मधून जा. बाजूने जाऊ नका. प्रत्येक जण बूट वाचवायला कडेने गेला की वाट दर पावसाळ्यात हातभर रुंद होते, कडेचं गवत मरतं आणि डबकंही मोठं होतं. मधून जायचं धाडस नसेल तर उतरून सायकल उचला.

वळण कापणं

ज्या चुकीची मला खरी चीड येते ती ही. पायवाट डोंगरातून नागमोडी जाते ती कोणाला लांबचा फेरा पडावा म्हणून नाही. वाट आखणारे एक साधा हिशेब पाळतात: वाटेचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून जास्त नसावा, आणि एकंदरीत चढाची सरासरी दहा टक्क्यांच्या (शंभर मीटरमागे दहा मीटर) आसपास राहावी. असं असलं की पाणी वाटेवर येतं आणि कडेने उतरून जातं. वळण कापून सरळ खाली नेलेली रेघ म्हणजे पाण्याला मोकळं रान. पाणलोटाच्या कामात गावोगाव सांगतात, पळत्या पाण्याला चालायला लावा, चालत्याला थांबायला लावा, थांबलेल्याला जिरवा. शॉर्टकट याच्या बरोबर उलट करतो.

पाषाणच्या बाजूला उतरणाऱ्या एका वाटेवर दोन वळणं लागोपाठ आहेत. वरच्या वळणावर उभं राहिलं की खालचं वळण समोर दिसतं, मध्ये फक्त गवताचा तुकडा. एका पावसाळ्याच्या सुरुवातीला त्या गवतात टायरच्या रुंदीची एकच रेघ दिसली. पंधरा दिवसांत ती पायवाट झाली, कारण चालणाऱ्यांनाही ती सोयीची वाटली. गणपतीपर्यंत तिथे पोटरीइतकी घळ पडली. वाहून आलेली माती आणि गोटे खालच्या वळणावर साचले, तिथे सायकल घसरायला लागली, मग लोकांनी खालचं वळणही चुकवायला सुरुवात केली. उन्हाळ्यात घमेल्यांनी आणि कॅननी पाणी घालून जगवलेली खालच्या अंगाची रोपं त्या गाळात बुंध्यापर्यंत बुडाली.

पाऊस संपल्यावर आम्ही तोंडावर घाणेरीच्या फांद्या टाकून ती घळ बंद केली. पुढच्या रविवारी फांद्या बाजूला. पुन्हा टाकल्या, वर दगड ठेवले. दगडही बाजूला, तेही नीट रचून ठेवलेले! म्हणजे कोणीतरी थांबून, सायकल आडवी करून, मेहनत घेऊन रस्ता मोकळा केला होता. एवढ्या वेळात तो माणूस वळणावरून दोनदा जाऊन आला असता.

शेवटी जे टिकलं ते असं. आधी घळीत खालपासून वरपर्यंत टप्प्याटप्प्याने छोटे दगडी बांध घातले, म्हणजे गाळ तिथल्या तिथे अडेल. तोंडाशी मोठे दगड नुसते ठेवले नाहीत, खड्डे खणून अर्ध्याहून जास्त जमिनीत पुरले. पहारीशिवाय ते आता हलत नाहीत. मग वरच्या वळणावरून खालचं वळण दिसणारच नाही अशा बेताने फांद्यांची उभी आडभिंत केली. समोर वाट दिसली नाही की कापायची इच्छाच होत नाही, हे मी अनेक ठिकाणी पाहिलंय. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूळ वळण मोठं केलं. ते इतकं आवळ होतं की नवख्या माणसाला तिथे पाय टेकावाच लागायचा. ते ऐसपैस झाल्यावर कापणारे आपोआप कमी झाले. म्हणून कुठे शॉर्टकट पडलेला दिसला की आधी मूळ वळण चालवून बघा. पुष्कळदा रोग तिथेच असतो.

तुम्हाला वळण जमत नसेल तर उतरा, ढकला, पुढे जा. त्यात कमीपणा काहीही नाही. वळण्याआधी वेग कमी करायचा, नजर बाहेर पडायच्या जागेवर ठेवायची, बाहेरच्या बाजूचं पेडल खाली दाबायचं, एवढं आठवडाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटलं तरी फरक पडतो.

मागचं चाक लॉक करून घसरत वळणं हाही याचाच भाऊबंद. रीलमध्ये धुरळा छान दिसतो. प्रत्यक्षात वाटेचा वरचा घट्ट थर खरवडून निघतो, आणि आधी लिहिलेली सगळी गोष्ट तिथून सुरू होते. ब्रेकची खरी ताकद पुढच्या चाकात असते. पुढचा ब्रेक वापरायला घाबरता म्हणून मागचा करकचून दाबला जातो. दोन्ही ब्रेक एकेका बोटाने, वळणाच्या आधी, अंग मागे आणि खाली ठेवून.

हवा आणि काटे

पंक्चरच्या दुकानात ‘टाइट भर’ सांगून हवा भरून घेणं ही नवख्यांची दुसरी ठरलेली चूक. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरा असा सल्ला नसतो. पन्नास पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) दगडाळ उतारावर सायकल उड्या मारते, पकड जाते, मनगटं दुखतात, आणि माणूस म्हणतो सस्पेन्शन बेकार आहे. सत्तर किलोच्या आसपास वजन, सव्वादोन इंची टायर आणि आत ट्यूब असेल तर मी २८ ते ३२ पासून सुरू करायला सांगतो. ट्यूबलेस, म्हणजे आत ट्यूब नसलेला टायर, असेल तर २२ ते २६. मागे दोन-तीन जास्त. फार कमीही नको, नाहीतर दगडावर आपटून ट्यूब रिममध्ये चेपते आणि शेजारी शेजारी दोन चिरा पडतात. दाब दाखवणारा गेज असलेला फ्लोअर पंप (उभा पंप) घ्या. जर्सी नंतर घेता येते.

काट्यांचं थोडं निवांत सांगतो, कारण इथे घाई करणारे सगळ्यात जास्त भेटतात. आपल्या टेकड्यांवर बाभूळ आहे, हिवर आहे, बोर आहे. एकदा खाणीच्या बाजूला एक मुलगा ट्यूब बदलून हवा भरत होता, मित्र पुढे थांबलेले. हवा भरली, निघाला, दोन वळणांवर पुन्हा चाक बसलं. मित्राची ट्यूब घेतली, तीही गेली. मी टायर हातात घेतला. बाहेरून काहीच दिसत नव्हतं. आतून बाभळीच्या काट्याचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं वर आलेलं. काटा रबरात मोडून बसला होता आणि प्रत्येक नव्या ट्यूबला तेच टोक लागत होतं. दोन ट्यूब वाया, आणि ती मंडळी खालपर्यंत चालत गेली, कारण तोवर कोणाकडेच ट्यूब उरली नव्हती.

माझी सवय अशी आहे. टायर बसवताना त्यावरचं नाव नेहमी वॉल्वच्या समोर आणतो. पंक्चर झाल्यावर ट्यूबमध्ये थोडी हवा भरून भोक शोधायचं आणि वॉल्वपासूनचं अंतर टायरवर मोजायचं, म्हणजे काटा कुठल्या टप्प्यात आहे ते लगेच कळतं. मग जुन्या बनियनचा तुकडा टायरच्या आतून फिरवायचा. जिथे धागा अडकतो तिथे काटा. नुसतं बोट फिरवलं तर बोट फाटतं. मोडका काटा चिमट्याने ओढायचा, नेलकटरही चालतो. एक सापडला म्हणून थांबू नका, पूर्ण फेरी मारा. बहुतेक वेळा दुसरा असतो.

ट्यूबलेसवाल्यांनी ‘आता काळजी नाही’ म्हणून स्वस्थ बसू नये. आतलं सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा द्रव, आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळतं. चाक कानाशी धरून हलवा. द्रव खळखळला नाही तर भरायची वेळ झाली. काटा रुतलेला दिसला आणि हवा टिकून असेल तर मी टेकडीवर तो काढत नाही. घरी जाऊन काढतो.

बाकीच्या, थोडक्यात

ब्रेकच्या डिस्कवर तेल किंवा कसलाही स्प्रे मारू नका. ब्रेक किंचाळतो म्हणून तेल सोडणारे मी पाहिलेत. पॅड तेल पितात आणि पुढच्या उतारावर ब्रेकच लागत नाही. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, तेल प्यायलेले पॅड बदला.

सायकल उजव्या अंगावर पडली आणि मग गिअर उड्या मारायला लागले तर स्क्रू पिळत बसू नका. मागून, सरळ रेषेत बघा. डेरेलर (मागे साखळी हलवून गिअर बदलणारा भाग) जिथे टांगलेला असतो तो हँगर आत वाकलेला असतो. तशातच चढावर सगळ्यात हलका गिअर टाकला की डेरेलर आऱ्यांमध्ये जातो आणि दोन्हींचा चुराडा होतो. तुमच्या मॉडेलचा हँगर विकत घेऊन सीटखालच्या पिशवीत ठेवून द्या. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, आयत्या वेळी मिळत नाही.

उतारावर सीट खाली घ्या. प्रत्येक वेळी.

चिखल झाला म्हणून सर्व्हिस सेंटरच्या प्रेशर पंपाने सायकल धुऊ नका, बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं. बादली, फडकं, जुना टूथब्रश पुरतो.

सकाळची टेकडी फिरायला येणाऱ्यांची असते. पन्नास वर्षं रोज येणारी माणसं तिथे आहेत. मागून सुसाट येऊन शेवटच्या क्षणी घंटी वाजवली तर ते दचकून नेमके आडवे येतात. लांबूनच आवाज द्या, ‘काका, उजवीकडून येतोय’, आणि त्यांच्या चालीने पुढे व्हा. काकूंच्या हाताला धरून नातू असेल तर थांबाच. चढणाऱ्याला उतरणाऱ्याने वाट द्यायची. दोन्ही कानांत इअरफोन नकोत. कुत्री अंगावर आली तर उतरा आणि सायकल मध्ये ठेवा.

मनानेच टिकाव चालवणं

ही चूक उत्साही लोकांकडून होते, म्हणून जास्त वाईट वाटतं. टेकड्यांची बरीचशी जमीन वनखात्याची आहे. फलकावर वेळा आणि मनाई लिहिलेली असते ती पाळायची, आणि परवानगीशिवाय एक दगडही हलवायचा नाही. कोणीतरी हौसेने उडी मारायला मातीचा उंचवटा करतो, तक्रार होते, आणि सगळ्याच सायकलवाल्यांना बंदीचा धाक पडतो. त्याहून वाईट म्हणजे उताराला आडव्या खणलेल्या सलग समतल चरांवरून उड्या. चराच्या खालच्या अंगाला मातीचा जो भराव दिसतो तो पाणी अडवायला आणि रोपं लावायला केलेला असतो. तो एका जागी फुटला की पूर्ण चराचं पाणी त्या एकाच खिंडारातून धावतं.

काम करायचं असेल तर जो गट वनखात्याला विचारून काम करतो त्याच्याबरोबर या. सुरुवातीला वाट बनवायला मिळणार नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये वणवा पसरू नये म्हणून जाळरेषा, म्हणजे गवत काढलेले मोकळे पट्टे, काढायच्या असतात, मेपर्यंत रोपांना पाणी द्यायचं असतं, पावसाच्या तोंडावर पाणी काढून द्यायच्या चाऱ्या मोकळ्या करायच्या असतात. या चाऱ्या काढताना कळतं की पाणी कुठून येतं आणि कुठे जातं, आणि मग वाटेला हात लावायची अक्कल येते. टिकाव, फावडी, घमेली तिथे असतात. हातमोजे आणि दोन लिटर पाणी आपापलं आणा, आणि चपला घालून येऊ नका.