बॅकनेट कंट्रोलरचे गट मजल्यावरून नको, एएचयूवरून पाडा

व्हीएव्ही कंट्रोलर (एसीची किती हवा खोलीत सोडायची ते ठरवणारे) एमएस/टीपीवर, म्हणजे इमारतीतल्या उपकरणांची सामाईक संवादभाषा असलेल्या बॅकनेटच्या तारेच्या लाइनवर, जोडताना बहुतेक जण मजला संपला की लाइन संपवतात. केबल वाचते, हे खरं. पण एकाच एएचयूची (हवा थंड करून पंख्याने खोल्यांकडे ढकलणाऱ्या यंत्राची) हवा दोन मजल्यांना जात असेल, तर त्याचे व्हीएव्ही दोन लाइनवर विभागले जातात. या लाइनी एकमेकींना जोडणारा मधला राउटर बंद पडला की अर्ध्या खोल्यांची मागणी एएचयूपर्यंत पोचतच नाही, आणि पंखा उरलेल्यांच्या हिशेबाने चालतो. म्हणून एएचयू आणि त्याचे सगळे व्हीएव्ही शक्यतो एकाच लाइनवर ठेवा, थोडी केबल जास्त लागली तरी चालेल.

मास्टर कंट्रोलरसाठी (लाइनवर स्वतःहून बोलू शकणाऱ्या) लाइनवर ० ते १२७ पत्ते मिळतात. ते सगळे भरायचे नसतात; मी तर चाळिशीच्या आतच थांबतो. पत्ते सलग द्या. मधे रिकामे राहिले तर तिथे कोणी आहे का हे तपासण्यात लाइनचा वेळ जातो. मॅक्स मास्टरही (कुठल्या पत्त्यापर्यंत शोधायचं ती मर्यादा) १२७ वरून शेवटच्या पत्त्याच्या जवळ आणा. मात्र नंतर त्याहून मोठ्या पत्त्याचा कंट्रोलर जोडलात तर तो सापडणार नाही, एवढं पॅनेलच्या दारावर लिहून ठेवा.

डिव्हाइस इन्स्टन्स, म्हणजे कंट्रोलरचा ओळख क्रमांक, अख्ख्या इमारतीत एकमेव हवा. लाइनचा नेटवर्क क्रमांक १२, पत्ता ५, तर इन्स्टन्स १२००५. रात्री अलार्म आला तर नुसत्या आकड्यावरून कुठल्या लाइनवर जायचं ते कळतं.